बॅनर आणि जॉब कार्ड

आमच्या घरची पहिली चारचाकी दसऱ्याला आली. अर्धे पैसे हळदीचे, अर्धे बँकेचे. पुढच्या चौदा महिन्यांत ती नऊ वेळा दुरुस्तीला गेली आणि शेवटी आम्ही चार गाडीमालक शोरूमसमोर बॅनर धरून उभे राहिलो. आमच्यात आणि कंपनीत आता तडजोड झालेली आहे, त्यामुळे तिचं नाव इथे लिहीत नाही. त्या काळात जे शिकलो ते मात्र लिहून ठेवायलाच हवं. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यात बसा, अशी एखादी गाडी घेऊन बसलेला माणूस भेटतोच.

१. गाडीचं मायलेज विचारण्याआधी वर्कशॉपचं अंतर विचारा.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, गाड्यांवर एमएच-३८ आलं. आमच्या गाडीचं अधिकृत वर्कशॉप मात्र शेजारच्या जिल्ह्यात होतं. घेताना वाटलं, वर्षातून दोनदा तर जायचं.

फेब्रुवारी संपत आला होता. आईला धाप लागली म्हणून रात्री नऊला नांदेडला निघालो. आखाडा बाळापूर मागे पडलं, वारंगा फाटा यायचा होता, तेवढ्यात डॅशबोर्डवर नारिंगी दिवा लागला. गाडी आधी वीसच्या वर जाईना, मग गचके खात बंदच पडली. मागून आलेल्या एका जीपवाल्याने आईला आणि बायकोला पुढे नेलं. मी गाडीपाशी थांबलो. शेजारच्या शेतात हळद शिजवणं चालू होतं, कुकरच्या वाफेचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. तिथल्या एका पोराने ट्रॅक्टर काढला, चऱ्हाटाने गाडी बांधली आणि टोचन करून फाट्यापर्यंत आणून सोडली. पैसे घेतले नाहीत. “काका, नवीच दिसायली की गाडी,” एवढंच म्हणाला. आई त्या रात्री वेळेत पोचली ती त्या जीपवाल्यामुळे. गाडीवरचा माझा विश्वास तिथेच संपला.

२. जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या.

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. माझ्या पहिल्या तीन जॉब कार्डांवर तक्रारीच्या रकान्यात “जनरल चेकअप” एवढंच लिहिलेलं होतं. मी तोंडाने सगळं सांगितलं होतं, सल्लागाराने मान डोलावली होती, आणि मी न वाचता सही केली होती. पुढे कंपनीने लेखी उत्तर दिलं की गाडी बंद पडण्याची तक्रार चौथ्या भेटीच्या आधी कधीच नोंदवलेली नाही. कागदाप्रमाणे त्यांचं म्हणणं खरं होतं.

म्हणून आता मी सगळ्यांना सांगतो: “चालू गाडी बंद पडली, वेग साठ, इंजिनचा दिवा लागलेला, अमुक तारीख, अमुक ठिकाण” असं लिहायला लावा. लिहीत नसतील तर स्वतःच्या पेनाने लिहा आणि मग सही करा. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख, दोन्ही वेळचं किलोमीटरचं रीडिंग नोंदवा. स्कॅनर लावला असेल तर फॉल्ट कोडची प्रत मागा. “पार्ट मागवलाय” म्हणाले, तर कोणता पार्ट आणि कधी मागवला हे लिहून मागा. फोनवर जे बोलणं होईल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलमध्ये त्यांना पाठवा.

आणि गाडी परत देताना जो समाधानाचा कागद पुढे सरकवतात, त्यावर दोष गेलेला नसेल तर “दोष कायम आहे” असं लिहूनच सही करा. त्यावेळी मागे रांग असते, सल्लागार घाई करतो, आपल्यालाही सत्तर-ऐंशी किलोमीटर परत जायचं असतं. तरीही थांबा.

३. बंद पडलेल्या गाडीचा व्हिडिओ काढा, दिवा आणि किलोमीटर दिसतील असा. वर्कशॉपच्या दारात गेली की गाडी हमखास नीट चालते.

४. रस्त्यावर उतरायची लाज बाळगू नका.

आमच्या भागात गाडी ही इभ्रतीची गोष्ट. ती बंद पडते हे चारचौघांत सांगायलाही माणूस कचरतो. मीही सात महिने भावकीत कुणाला बोललो नव्हतो. आठवण आली ती परळीची. औंढ्याच्या नागनाथाला येणारा भाविक परळीच्या वैजनाथालाही जातो, तितकं ते गाव आम्हाला जवळचं. तिथे एप्रिल २०२२ मध्ये एका ग्राहकाने ओलाची विजेवरची स्कूटर गाढवाला बांधून गावभर फिरवली होती. गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत बंद पडली, मेकॅनिक पाहून गेला, पण दुरुस्ती झाली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. लोकांनी या कंपनीवर विश्वास ठेवू नये, अशा मजकुराचे फलकही त्याने लावले होते. परळीतलं हे दृश्य देशभर पोचलं. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये उदयपूरच्या एका मालकाने आपल्या एमजी हेक्टरला गाढव जुंपलं होतं.

लोक या बातम्यांना हसले. मला हसू आलं नाही. हप्ता भरून घेतलेली गाडी जनावराने ओढत न्यायची, हा निर्णय माणूस सुखाने घेत नाही. दहा फोन, वीस फेऱ्या आणि “उद्या बघू” ऐकून झाल्यावरच तो तिथे येतो.

५. पण काडी लावू नका.

त्याच एप्रिल २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या आंबूरजवळ एका डॉक्टरांनी स्वतःची स्कूटर पेटवून दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या कलबुर्गीत एका तरुणाने थेट शोरूमलाच आग लावली. स्कूटर घेऊन त्याला महिनाही झाला नव्हता. त्याची तक्रार खरी असेलही, पण अटक त्यालाच झाली आणि त्याच्या स्कूटरचा विषय तिथे संपला. रागाच्या भरात आपण आपलाच पुरावा जाळतो. गाडी हाच आपला सगळ्यात मोठा साक्षीदार असतो. ती तपासायला तज्ज्ञ येईपर्यंत जशी आहे तशी राहिली पाहिजे, बाहेरच्या मेकॅनिककडून उघडूनसुद्धा घेऊ नका.

६. एकटे उभे राहू नका, आणि बॅनरवर फक्त तारखा लिहा.

बाकीचे तिघे मला वर्कशॉपच्या प्रतीक्षा कक्षातच भेटले. एक शिक्षक, एक किराणा दुकानदार आणि एक काळी-पिवळी सोडून प्रवासी गाडी घेतलेला चालक. तिघांची गाडी तीच, तक्रारही तीच. आम्ही पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवलं. शोरूमचं फाटक अडवलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. एका वकिलाने सांगितलं होतं की शिवी किंवा “चोर” असा शब्द आला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला आपल्यावरच येऊ शकतो. म्हणून फ्लेक्सवर चार गाड्यांचे चार रकाने केले आणि प्रत्येकाखाली दुरुस्तीच्या तारखा छापल्या. माझ्या रकान्यात नऊ होत्या.

तारखा वाचायला लोक थांबले. नवी गाडी बघायला आलेलं एक कुटुंब दहा मिनिटं वाचत उभं राहिलं आणि आत न जाताच परत गेलं. दुपारी तीनला वरचे अधिकारी आले. नऊ फेऱ्यांत ते आम्हाला कधी भेटले नव्हते.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. काउंटरवरच्या पोराला शिव्या देऊ नका. आमच्या सल्लागाराने उन्हात उभ्या असलेल्या आम्हाला पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाला, “सर, पार्टच येत नाहीत वरून, आम्ही कुठून लावू?” निर्णय घेणारा माणूस त्या इमारतीत नसतोच.

७. “आता कसलीही तक्रार नाही” या कागदावर सही नको.

तो कागद छापून तयार होता. मोफत दुरुस्ती करतो, फक्त इथे सही करा. आम्ही म्हणालो, आधी दुरुस्ती, मग तीन महिने चालवून बघू, मग सही. चौघांपैकी एकाने केली. पुढे त्याला काही मागता आलं नाही.

८. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही धरा.

गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ च्या मॉडेलऐवजी २००९ मध्ये बनलेली गाडी दिली गेली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादक कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण विक्रेत्याने स्वतंत्रपणे केलेल्या चुकीत तिचा हात असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. कोणाची चूक कोणती, हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून दोघांनाही पक्षकार करा, आणि कोणी काय केलं ते वेगवेगळं मांडा.

९. बॅनरने दार उघडतं, निकाल नोंदवलेल्या तक्रारीने लागतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस काढली. तिच्यामागे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात नोंदवलेल्या १०,६४४ तक्रारी होत्या. बहुतेक सगळ्या सोडवल्याचं कंपनीने नंतर कळवलं. गाढव देशाने पाहिलं, पण सरकारने नोटिशीत मोजल्या त्या तक्रारी.

ही हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. तिथून काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने आमच्यासारख्यांची मोठी सोय केली: कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. आम्ही हिंगोलीतच केली. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांत २०० रुपये. मी २०० भरले. ऑनलाइनही दाखल करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. प्रवासी गाडीवाल्याला कुणीतरी सांगितलं होतं की धंद्याची गाडी म्हणजे तू ग्राहक नाहीस. तसं नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असेल तर तोही ग्राहकच.

मुदत मात्र लक्षात ठेवा: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

१०. नवी गाडी मिळेलच, ही आशा धरू नका.

२००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका प्रकरणात म्हटलं होतं की सदोष भाग बदलून काम भागत असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. आमच्या प्रकरणात आयोगाने तज्ज्ञाकडून तपासणी करवली. त्यांनी बॉनेट उघडून अर्धा तास टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. इंजिनाशेजारच्या हार्नेसमधली एक वायर लोखंडी ब्रॅकेटला घासून नखाएवढी उघडी पडली होती. गाडी तापली आणि हादरे बसले की ती टेकायची, टेकली की गाडी बंद. नऊ भेटींत चार वेळा सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं. त्या ब्रॅकेटमागे कुणीच पाहिलं नव्हतं.

मध्यस्थीत हार्नेस फुकट बदलून मिळाला, वॉरंटी लेखी एक वर्ष वाढली, आणि टोचन व प्रवासाचा खर्च मिळाला. कायद्यातल्या तीन-पाच महिन्यांच्या मुदतीपेक्षा बराच जास्त वेळ गेला. त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

तुमची गाडी आज वर्कशॉपच्या आवारात उभी असेल, तर संध्याकाळ व्हायच्या आत जॉब कार्डाची प्रत मागून घ्या, तक्रारीचा रकाना वाचा, आणि “जनरल चेकअप” लिहिलं असेल तर खोडून खरं काय ते लिहायला लावा.