हुकूम एकदाच लिहा, पण ताजा ठेवा

व्यापारी बंधूंनो, दुकानाचा बिलाचा प्रोग्रॅम क्लॉड कोडसारख्या एआय सहायकाकडून करून घेता, तर तीच सूचना रोज टाइप करू नका. जुईनगरच्या छोट्या कापडदुकानालाही जमेल अशी युक्ती आहे. प्रोग्रॅमच्या फोल्डरात ‘.क्लॉड’, त्याच्या आत ‘कमांड्स’ फोल्डर इंग्रजी अक्षरांत करा. त्यात ‘बिल.एमडी’ फाइल ठेवून लिहा : ‘तयार कपड्याच्या नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो का, तपास.’ मग तिरपी रेघ व ‘बिल’ टाइप करताच हुकूम चालतो. हे दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे. फाइलीत जुना १,००० चा टप्पा राहिला, तर दीड हजाराच्या कपड्यावर गिऱ्हाइकाकडून ५ ऐवजी १२ टक्के जातील. म्हणून दर बदलताच आधी फाइल दुरुस्त करा, नंतर एक बिल हाताने पडताळा.