हंगामात सांगाडा बदलता येतो का?

प्रश्न : माझे वडील सातपूरला महिंद्रात होते, म्हणून विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत आवर्जून पाहतो. गाडी मागे पडत असेल, तर महिंद्राला हंगामाच्या मध्येच चासी बदलता येत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, कारण चासी महिंद्राची नसतेच! कार्बन फायबरचा तो सांगाडा स्पार्क ही फ्रेंच कंपनी सगळ्या संघांना सारखाच पुरवते. त्याला हात लावायचा नाही. बॅटरीही सर्वांना एकच. संघाचं स्वतःचं म्हणाल, तर मागची मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन. पण तेही एफआयए या मोटार शर्यतींच्या नियामक संस्थेकडून एकदा मंजूर झालं की दोन हंगाम गोठलं. उरतं सॉफ्टवेअर, चाकांचा कल आणि गाडीची उंची. अभियंत्यांची खरी झोप तिथेच उडते.

सुरक्षेचा प्रश्न आला, की मात्र एफआयएच्या संमतीने दुरुस्ती करता येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये केपटाऊनला मागच्या सस्पेन्शनची शंका आली, तेव्हा महिंद्राने शर्यतीतून गाड्याच मागे घेतल्या. त्या वेळी महिंद्राची मोटर वापरणाऱ्या आप्ट संघानेही तेच केलं. मार्चमध्ये साओ पाउलोला दोघेही पुन्हा उतरले.

फॉर्म्युला वनचं गणित वेगळं. तिथे चासी ज्याची त्याने बनवायची. हंगामात बदलताही येते, पण चालकाभोवतीचं कवच बदललं तर नव्या रचनेला पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. शिवाय खर्चाला मर्यादा आहे. कोविडमुळे तर २०२० च्याच चासी २०२१ मध्ये पळवाव्या लागल्या. मोजक्या बदलांसाठी प्रत्येक संघाला दोन ‘टोकन’ मिळाली होती, रेशनसारखी.