ड्रायव्हरमधील शोधसंदेश : नाव एक, अर्थ दोन

अंधेरीच्या सीप्झ वसाहतीची स्थापना १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी झाली. पुढे तेथे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा उद्योगही वाढीस लागला. आज्ञावलींचा एक प्रकार सामान्य वापरणाऱ्याच्या नजरेस कधीच पडत नाही. तो म्हणजे ड्रायव्हर. प्रिंटर, स्कॅनर अथवा नेटवर्क कार्ड यांच्याशी कार्यप्रणालीचा व्यवहार त्याच्यामार्फतच चालतो.

दोष सापडावा म्हणून ड्रायव्हरमध्ये जागोजागी संदेश पेरलेले असतात. एरवी ते बंद राहावेत यासाठी मॅक्रो योजतात. मॅक्रो म्हणजे मजकुराला दिलेले लघुनाम. कंपायलरचे काम सुरू होण्यापूर्वी त्याच्या जागी मूळ मजकूर घातला जातो.

घोटाळा होतो तो नावांचा. एका फाइलीत ‘डीबग’ या नावाची किंमत ० ठरविलेली असते. लिहिणाऱ्याच्या मते संदेश बंद झाले. दुसरीकडे मात्र किंमत न पाहता ते नाव अस्तित्वात आहे काय, एवढेच विचारले जाते. नाव आहे, सबब संदेश सुरू! नोंदवहीत ‘निरंक’ लिहिलेले पान भरलेले समजावे, तशातलाच हा प्रकार. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्समध्ये हा दुसरा अर्थच रूढ आहे. संदेशांची साठवण मर्यादित असल्याने नव्या गर्दीत जुने संदेश पुसले जातात आणि खऱ्या बिघाडाची नोंदच हरवते.

उपाय असा की, घरगुती मॅक्रो काढून लिनक्सची सामाईक ‘पीआर_डीबग’ व ‘डेव्ह_डीबीजी’ ही वापरावीत. दुसऱ्यात उपकरणाचे नाव आपोआप जोडले जाते. घरगुती रिकाम्या मॅक्रोत संदेश समूळ गाळला जातो, त्यामुळे त्यातील चुका कंपायलर तपासत नाही. वर्षांनंतर तो सुरू करू जाता बांधणीच अडते. सामाईक मॅक्रोंत बंद संदेशाचीही तपासणी होते. तसेच गतिमान डीबगची सोय असल्यास, चालू यंत्रावर हवा तेवढाच संदेश सुरू करता येतो.

बदल करण्यापूर्वी मात्र संदेशाच्या कंसात मोजणी वाढविण्यासारखे खरे काम दडलेले नाही ना, हे पाहणे अगत्याचे. असे काम संदेशाबरोबरच बंद पडते; आणि तपासासाठी संदेश सुरू केले, की दोष नाहीसा होतो.

शिक्षकांसाठी सी भाषेचे व लिनक्सचे प्राथमिक पाठ पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतूनही उपलब्ध आहेत.