हाताचे साठ टक्के

पालकहो,

जुलै आला की आमच्या संस्थेच्या व्हरांड्यात तुमची गर्दी होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आणि शेजारी मान खाली घालून उभा असलेला मुलगा. मी फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक. इतकी वर्षं या व्हरांड्यात तुमच्याशी बोलतोय, त्यामुळे तुमच्यातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य मला पाठ झालंय. "सर, मार्क कमी पडले ओ. म्हटलं, आयटीआय तरी करूदे."

आजचं हे बोलणं त्या 'तरी'बद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य एका गवंड्यानं म्हटलं. सिमेंटनं बोटांना चिरा पडलेल्या, कामावरून तसाच आलेला माणूस. पोराला चोपन्न टक्के पडले होते. बाप 'तरी' म्हणाला तेव्हा पोरानं चपलेचा अंगठा फरशीवर घासला. मी त्या दोघांना जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

आयटीआयच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेत लेखी विषयात उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के पुरतात. प्रात्यक्षिकाला मात्र ६० लागतात. पहिल्या वर्षाच्या १२०० तासांतले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि १२० रोजगार कौशल्यांचे. म्हणजे शाळेनं तुमच्या मुलाला कागदावर तोललं, इथं आम्ही हाताला तोलतो, आणि आमचा काटा जास्त कडक आहे. कागदावर कमी पडलेलं पोर इथं आपोआप तरून जाईल, या समजुतीत राहू नका. आणि ते इथंही बुडेल, अशी भीतीही धरू नका. हा काटाच वेगळा आहे.

प्रवेश होतो, पंधरा ऑगस्ट होतो, गणपती येतात, आणि मग तुमचे फोन सुरू होतात. "सर, पोरगं म्हणतंय रोज नुसतं लोखंड घासायला लावत्यात. मशीनवर कधी घेणार?" तक्रार खरी आहे. फिटरच्या पोराच्या हातात सुरुवातीला कानसच असते. व्हाइसमध्ये तुकडा पकडायचा, कानस सरळ चालवायची, कोन नव्वद अंशांचा आणायचा. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. पुढे तोच हात मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलायला लागतो. पाच शतांश चुकला तरी आम्ही जॉब, म्हणजे तो घासलेला तुकडा, परत देतो. म्हणजे जवळपास एका केसाच्या जाडीसाठी! तपासायची रीत सोपी आहे. जॉबला गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. जिथून उजेड झिरपतो, तिथलं काम राहिलंय. ज्याच्या हाताला हे कळलं, तो उद्या दहा लाखांच्या मशीनवर उभा राहिला तरी जॉब बिघडण्याआधी त्याला ते जाणवतं. कानस हातातून सुटते, पण ती जाणीव सुटत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या भागाला ही हाताची विद्या नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण तिचा पहिला भाग सहसा कुणी सांगत नाही. १८६९ साली जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेला. काही रंग त्याच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नव्हते, म्हणून चित्रकला सोडावी लागली. आजच्या भाषेत म्हणजे 'मार्क कमी पडले'. पण यंत्रांची रेखाचित्रं काढताना रंग लागत नाहीत. ती विद्या त्यानं धरली, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये पलूसजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आमच्या कोल्हापुरातही उसाचे चरक आणि पाणी उपसायची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता मेस्त्री लोकांनी ती स्वतःच बनवायला घेतली. त्यातून उद्यमनगर उभं राहिलं. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती झाल्या, मग कागल-हातकणंगले पट्टा आला. आज इथल्या फाउंड्र्यांत ओतलेले बिडाचे भाग गाड्यांना आणि पंपांना लागतात. त्या मेस्त्री लोकांपैकी कितीजणांनी कॉलेज पाहिलं होतं?

पण जुने मेस्त्री जिथं काम होतं तिथंच शिकले, आणि नेमकी इथंच आमच्यासारख्या संस्थेची अडचण आहे. आमच्याकडे लेथ आहे, मिलिंग मशीन आहे, निदेशक आहे. तेराशे-चौदाशे अंशांचा बिडाचा रस साच्यात उतरताना अंगावर येणारी धग मात्र आम्ही वर्गात आणू शकत नाही. एकच जॉब दोन दिवस सावकाश करायचा आणि शिफ्टला शंभर जॉब एकसारखे काढायचे, यातला फरक फळ्यावर लिहून कळत नाही. मशीनही जुनी होतात. आम्ही एक घेईपर्यंत कारखान्यात त्याच्या पुढचं येतं. म्हणून कारखान्यांशी दोस्ती लागते.

ही दोस्ती चार वाटांनी होते, आणि तुम्हाला त्या माहीत हव्यात. पहिली वाट संस्था व्यवस्थापन समितीची, म्हणजे आयएमसीची. २००७-०८ पासून देशातल्या १३९६ सरकारी आयटीआयमध्ये सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या योजनेतून अशा समित्या आल्या. अध्यक्ष उद्योगातला असतो आणि समितीला संस्था सुधारण्यासाठी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं. दुसरी वाट ऑन द जॉब ट्रेनिंगची. दरवर्षी १५० तास पोरानं जवळच्या कारखान्यात काम शिकायचं, आणि ते जमण्यासारखं नसेल तर गटानं प्रकल्प करायचा. तिसरी वाट दुहेरी प्रशिक्षण पद्धतीची. मूळ रीत जर्मनीची, आपल्याकडे २०१६ पासून आली. दोन वर्षांच्या ट्रेडला सहा ते बारा महिने आणि एक वर्षाच्या ट्रेडला तीन ते सहा महिने मुलगा थेट कारखान्यात शिकतो. चौथी वाट सर्टिफिकेट हातात पडल्यानंतरची, शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्यानं ती घालून दिली आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिन्याला किमान सात हजार रुपये विद्यावेतन ठरलं. प्रवेश घेताना चालू दर काय आहे, ते विचारून घ्या.

आता एक कडू गोष्टही सांगतो, कारण हितगुज म्हणजे फक्त गोड बोलणं नव्हे. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा पोरं एका कारखान्यात पाठवली होती. रोज काय केलं ते डायरीत लिहायचं, असं ठरलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मी डायऱ्या मागवल्या. पानापानावर एकच शब्द: पॅकिंग, पॅकिंग, पॅकिंग. गेलो तर उत्तर मिळालं, "सर, ऑर्डरची गडबड आहे, पुढच्या आठवड्यात मशीनवर घेतो." तो पुढचा आठवडा आला नाही. पोरं आम्ही परत आणली. चूक कारखान्याची होती, पण माझीही होती. डायरी मी पहिल्याच आठवड्यात पाहायला हवी होती.

म्हणून भागीदारीचे फोटो आणि फलक पाहून भाळू नका. आम्हालाच प्रश्न विचारा. माझ्या पोराचा करार कागदावर आहे का? त्याला कुठलं मशीन मिळणार? कारखान्यात त्याला शिकवायला नेमलेला माणूस कोण? सेफ्टी शूज, गॉगल, हेल्मेट कोण देणार? शिफ्ट कुठली? शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला का? कायद्याच्या लेखी शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. त्याला मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. आणि हेही स्पष्ट ऐकून ठेवा: शिकाऊ उमेदवारी ही नोकरीची हमी नाही. 'शंभर टक्के नोकरी' असं कुणी सांगितलं तर तो सांगणारा आणि फलकवाला, दोघांनाही दुरून नमस्कार करा.

हे झालं आमचं आणि कारखान्याचं. या दोस्तीचा तिसरा पाय मात्र तुमच्या घरात आहे, आणि तो लंगडा पडला की सगळं कोसळतं. पहिल्या आठवड्यात पोरगं घरी येऊन सांगतं, "मला मशीन पुसायला लावलं." त्यावर आई म्हणते, "आमच्या पोराला झाडूवाला करायला पाठवलंय होय?" आणि दुसऱ्या दिवशी पोर कामावर जात नाही. मशीन पुसणं आणि पॅकिंग करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या मशीनवर काम करायचं, ते स्वतः पुसल्याशिवाय त्यातला कीस कुठं साचतो, तेल कुठून गळतं, हे कळत नाही. फरक कसा ओळखायचा? पंधरा दिवसांनी पोराला विचारा, "त्या मशीनचा कुठला भाग कशासाठी असतो?" सांगता आलं तर ते शिकतंय. सांगता आलं नाही तर मला फोन करा.

मुलींच्या पालकांशी दोन शब्द. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. तरी तुमच्यातले कितीतरी जण मुलीला शिवणकामाच्या ट्रेडपलीकडे पाठवायला बिचकतात. शिवणकाम वाईट नाही, पण वेल्डिंगच्या ठिणग्या मुलगा-मुलगी पाहत नाहीत आणि सीएनसी मशीनला बळ लागत नाही. तुमची काळजी मशीनची नसते, शेवटच्या एसटीची असते, हे मला कळतं. मग तीच विचारा. शिफ्ट कधी सुटते, परतीची गाडी आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे प्रश्न कारखान्याला तोंडावर विचारणारे बाप मला हवे आहेत. चार बाप विचारतील, तेव्हा पाचव्या पोरीसाठी गाडी सुटेल.

आणि आयटीआयनंतर रस्ता संपतो, असंही समजू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे. भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे. पुढं माझ्यासारखं निदेशकही होता येतं. तेव्हा कोणत्या व्हरांड्यात उभं राहून पोरांशी काय बोलायचं, ते आपल्याला आधीच ठाऊक असतं.

आता त्या गवंड्याची गोष्ट पुरी करतो. गेल्या हिवाळ्यात पालकभेट होती. बहुतेक पालकांनी हजेरीच्या वहीत बोट फिरवलं, सही केली आणि निघाले. तो मात्र वर्कशॉपमध्ये आला. पोरानं त्याच्या व्हाइसमधला जॉब काढून बापाच्या हातात दिला. एकात एक बसणारे दोन तुकडे होते, नर आणि मादी. बापानं ते वेगळे केले, परत बसवले. मग काही न बोलता खिशातल्या मळकट रुमालानं पुसले, माझ्या टेबलावरचा गुण्या मागून घेतला, एका कडेला लावला आणि ट्यूबलाइटकडे धरला. भिंत ओळंब्यात आहे का ते बघताना धरतात, तसाच एक डोळा मिटून.

"हितं उजेड दिसतोय," तो म्हणाला.

पोरगं पुढं झालं. "व्हय अप्पा. कोपऱ्यात पाच शतांश राहिलंय. उद्या घासणार हाय."

"कानस कुठली घेणार?"

पोरानं सांगितलं. बापानं मान हलवली आणि जॉब त्याच्या हातात परत दिला. त्या दिवशी त्या दोघांच्या बोलण्यात टक्क्यांचा विषय निघाला नाही, आणि 'तरी' हा शब्दही आला नाही.

पालकहो, पुढच्या पालकभेटीला या. हजेरीची वही मी नंतर दाखवेन. आधी व्हाइसपाशी चला.

तुमच्या पोरांचा,
एक शिल्पनिदेशक