कमी देखभालीची मधपेटी: एकदा नीट बनवा, रोजचा त्रास वाचवा



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, दुकान किंवा नोकरी सांभाळून मधपेट्या ठेवता येतील का? रोज बघायला वेळ नाही."

येतील. पण आधी माझी चूक ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी मी मामाच्या शेतात ६ पेट्या ठेवल्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्या, आणि "मधमाशी स्वतःचं बघते" असं कोणीतरी सांगितलं होतं, तेही खरं मानलं. पावसाळा संपला तेव्हा ६ पैकी ४ पेट्या रिकाम्या होत्या. आत मेणकिड्याच्या जाळ्या, खाली भुसा. मी म्हटलं, "माश्या पळून गेल्या." मामा म्हणाले, "पळून नाही गेल्या रे, तू हाकललंस त्यांना."

मामांचं बरोबर होतं. त्या पेट्यांत राहण्यासारखं काही नव्हतंच.

कमी देखभाल म्हणजे नक्की काय?

बीबीएला आम्हाला खर्चाचे दोन प्रकार शिकवले होते: एकदाच होणारा आणि सतत चालू राहणारा. पेटीलाही हेच लागू होतं. सुतारकामात एकदा जे नीट केलं, ते पुढे दर आठवड्याला करावं लागत नाही. जे सुतारकामात राहून गेलं, ते काम तुमच्यावर येतं किंवा माशीवर येतं. माशीवर आलं की तिची ताकद मध गोळा करण्याऐवजी त्यातच जाते.

म्हणून कमी देखभालीची पेटी म्हणजे न उघडायची पेटी नव्हे. जिला उघडल्यावर काम कमी असतं, ती पेटी.

पहिला प्रश्न: माशी कोणती?

आपल्या सह्याद्रीच्या भागात पेटीत पाळली जाते ती मुख्यतः सातेरी. दुसरी मेलिफेरा, म्हणजे युरोपियन जात. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, ती पेटीत राहत नाही.

सातेरी आकाराने लहान. तिच्या दोन पोळ्यांमधलं अंतरही मेलिफेरापेक्षा कमी. त्यामुळे इंटरनेटवर परदेशी पेटी बघून तेच माप सुताराला देऊ नका. नळ फिरवला की मध येतो अशा पेट्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या मेलिफेराच्या मापाने बनवलेल्या असतात.

आणखी एक मोठा फरक आहे. मेलिफेरा झाडांचा डिंकासारखा चिकट पदार्थ आणून पेटीतल्या फटी बुजवते. सातेरी ते करत नाही. म्हणजे तुमच्या सुताराने ठेवलेली फट तशीच राहते आणि मेण खाणारा पतंग तिथेच अंडी घालतो. माझ्या ४ पेट्या अशाच गेल्या.

पेटी घेताना किंवा बनवताना ७ गोष्टी तपासा

१. माशीची वाट. १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथ या अमेरिकन माणसाच्या लक्षात आलं की माशांना ये-जा करायला ठरावीक रुंदीची मोकळी जागा ठेवली, तर त्या ती बांधून भरून टाकत नाहीत. आजच्या सुट्या चौकटींच्या पेट्या याच तत्त्वावर चालतात. सातेरीसाठी ही जागा साधारण ८ मिलीमीटर धरा. चौकट आणि भिंत यांच्यात ती जास्त झाली तर मध्येच वेडंवाकडं पोळं बांधलं जातं, आणि चौकट काढताना ते फाटून पिल्लं मरतात. मोजायची सोपी युक्ती: ८ नंबरचं ड्रिल बिट खिशात ठेवा. ते फटीत सरकलं पाहिजे, पण सैल हलता कामा नये.

२. फटी. अंधाऱ्या खोलीत पेटीच्या आत मोबाईलचा टॉर्च लावून ठेवा, झाकण बंद करा आणि दार बोटांनी झाका. कुठून उजेड आला तर ती पेटी घेऊ नका, किंवा सुताराकडून सांधा नीट करून घ्या.

३. लाकूड. चांगलं वाळलेलं, पाऊण ते एक इंच जाड. ओल्या लाकडाची पेटी उन्हात वाकते आणि नवीन फटी पडतात. साधा प्लायवूड पावसात सुटतो. रंग फक्त बाहेरून, फिकट. आत रंग नको, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड तर मुळीच नको.

४. सुटा तळपाट. तळपाट कोठीला खिळ्यांनी ठोकलेला नसावा. मेणाचा चुरा तळाशी साठतो आणि मेणकिडा तिथेच वाढतो. मी एक तळपाट जादा ठेवतो. कोठी उचलायची, स्वच्छ तळपाटावर ठेवायची, जुना खरवडून कडक उन्हात टाकायचा. दोन मिनिटांचं काम.

५. दार. उंची साधारण ८ मिलीमीटर. सातेरी आरामात जाते, मोठी गांधीलमाशी आत शिरत नाही. वसाहत अशक्त असेल तर लाकडी पट्टी लावून दार आणखी अरुंद करा. थोड्या माशांना छोटं दार राखणं सोपं जातं.

६. छप्पर. पिल्लांच्या भागात माशा सुमारे ३४ ते ३५ अंश तापमान राखतात. नुसता पत्रा तापला तर पाणी आणून आणि पंख हलवून आतलं गार करण्यातच त्यांचा दिवस जातो. लाकडी झाकण, त्यावर पत्रा, आणि बाजूला बारीक जाळी लावलेली हवेची भोकं असं छप्पर घ्या.

७. स्टँड. दीड-दोन फूट उंच. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, पाण्यात दोन थेंब तेल. मुंग्या थांबतात. पण गवताची एक काडी पेटीला टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो, म्हणून खालचं गवत कापून ठेवा. पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती ठेवा, म्हणजे पाणी बाहेर येतं. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो, म्हणून दार पूर्वेकडे.

वेळेचा हिशेब

माझ्याकडे आज १० पेट्या आहेत. जुन्या पेटीला एका तपासणीत २० मिनिटं जायची, आता ८ लागतात. म्हणजे एका फेरीत १२० मिनिटं वाचली. दुकानदाराला दोन तास म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पेट्या सगळ्या एकाच मापाच्या घ्या. चौकट, झाकण, तळपाट कुठलंही कुठेही बसतं. दोन सुतारांकडून दोन मापं घेतलीत तर प्रत्येक दुरुस्तीला नवीन खर्च.

पेटी कितीही चांगली असली तरी ही कामं तुमचीच

- फुलोऱ्याच्या हंगामात ८-१० दिवसांनी एकदा उघडून बघा. राणी अंडी घालते आहे का? नवीन राणीची घरं दिसतात का? दिसली तर वसाहत फुटायच्या तयारीत आहे.
- पावसाळ्यात फुलं कमी आणि माशांना बाहेर पडता येत नाही. मध काढताना त्यांच्यासाठी पुरेसा ठेवा, गरज पडली तर साखरेचा पाक द्या. उपाशी सातेरी घर सोडते.
- काळी पडलेली जुनी पोळी टप्प्याटप्प्याने काढून टाका.
- शेजारच्या शेतात फवारणी कधी आहे ते आधी विचारा. संध्याकाळी, माशा परतल्यावर फवारा अशी विनंती करा.
- आजारी वसाहतीची चौकट दुसऱ्या पेटीत कधीच टाकू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीचं प्रचंड नुकसान केलं. यात पिल्लं मरतात आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. संशय असलेली पेटी सगळ्यात शेवटी उघडा, नंतर हात आणि हत्यारं धुवा.

सुरुवात कशी करायची?

आधी प्रशिक्षण, मग पेटी. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे चौकशी करा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. जमलं तर तिथल्या पेट्या प्रत्यक्ष बघून या.

आणि सुरुवात दोनच पेट्यांनी करा. एक बिघडली तर दुसरीशी तुलना करता येते. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा, दोन्ही टिकवून दाखवा. मग तिसरीसाठी गल्ल्यात हात घाला. मी ६ पासून सुरुवात केली आणि ४ पेट्यांचे पैसे देऊन हे शिकलो. तुम्हाला ती फी भरायची गरज नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: जवळच्या एका मधपाळाकडे जा, ड्रिल बिट आणि टॉर्च घेऊन. त्यांच्या परवानगीने एका रिकाम्या पेटीची ७ मुद्द्यांवर तपासणी करा आणि वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण सुताराला द्यायचा मापाचा कागद कसा बनवायचा ते बघू.

भेटूया!