रुतलेले नख व त्यावरील शस्त्रक्रिया

पायाच्या अंगठ्याचे नख ही वरवर पाहता अगदी क्षुल्लक वस्तू होय. परंतु तेच शेजारच्या मांसात रुतले, म्हणजे चांगला कबड्डीपटूही लंगडत घरी जातो. काकतीसारख्या गावी पावसाळ्यात भाताच्या चिखलात उतरणाऱ्या व ओल्या बुटांनी शाळेत येणाऱ्या मुलांत हा विकार आम्ही वारंवार पाहतो. मुले तो लपवितात, कारण त्यांना सुरीचे भय वाटते. ही भीती कितपत खरी, याचा येथे विचार करू.

घरोघरी यास नखुरडे समजून लिंबू बसवितात किंवा हळद-चुना बांधतात. परंतु येथे मूळ दोष निराळा आहे. नख गोलाकार कापले असता कोपऱ्यात एक अणकुचीदार टोक राहते. नख वाढू लागले की ते मांसात शिरते आणि घट्ट बूट त्यास अधिकच आत दाबतो. मग सूज येते, पू होतो आणि शेवटी कडेस तांबडे, ओलसर मांस वाढते. आरंभी कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडविणे, सैल पादत्राणे वापरणे व डॉक्टरांकडून नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात बसवून घेणे, एवढ्यानेही भागते. दुखणे जुने झाले, म्हणजे शस्त्रक्रियाच करावी लागते.

पूर्वी सबंध नख उपटीत. पण पुष्कळांना तोच त्रास पुन्हा होई. शेतातील हरळी वरून कापली तर ती पुन्हा फुटते, तसेच हे होय. नख जेथे तयार होते ते मूळ कातडीखाली असते. म्हणून आता डॉक्टर अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंस लिग्नोकेनची सुई टोचून तो बधिर करतात, रुतलेल्या कडेची अरुंद पट्टी मुळापर्यंत कापून काढतात आणि तेवढ्याच मुळास फिनॉल लावून ते नष्ट करतात. नखाचा बाकीचा भाग शाबूत राहतो. दुखते ते मुख्यतः सुई टोचताना. रोगी त्याच दिवशी घरी जातो. जखम मात्र काही आठवडे पाझरते, म्हणून ती स्वच्छ ठेवावी लागते. क्वचित नख पुन्हा रुततेही.

यातील फिनॉल म्हणजे जुने कार्बॉलिक आम्ल. जखमेतील जंतू मारण्यासाठी लिस्टर यांनी ग्लासगो येथे १८६५ साली ते वापरले. बोल यांनी नखाच्या मुळावर ते वापरण्याची रीत १९४५ साली प्रसिद्ध केली. लिग्नोकेनचा शोध १९४३ साली स्वीडनमध्ये लागला.

मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी असे नख घरी मुळीच कोरू नये व न्हाव्याच्या नराणीखालीही देऊ नये. त्यांच्या पायाची जखम लवकर भरत नाही. ती चिघळल्यास बोट गमावण्याचा प्रसंग येतो. बेळगावचे रुग्णालय काकतीपासून दूर नाही.

विद्यार्थिमित्रांनो, नख सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका, पाय कोरडे ठेवा. आणि नखाशेजारी ठणका लागताच ते त्याच दिवशी घरी सांगा.