कंपनीतही माणसंच असतात

फोटो मी काढला होता. गॅरेजमध्येच, गॅरेजवाल्याच्या डोळ्यांदेखत. हे आधी सांगून टाकते, कारण नंतर मला “ताई, तेव्हा बघायला कोण होतं?” असं जे ऐकवण्यात आलं, ते अजून डोक्यातून जात नाही. मी होते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चार तास बघत होते.

गाडी रेनॉ डस्टर, १.५ डिझेल. जनावरांच्या औषधांची वितरक म्हणून मी फलटण, कोरेगाव, वाई, शिरवळ असं आठवडाभर फिरते. गाडी १ लाख १८ हजार किलोमीटर चालली होती आणि टायमिंग बेल्ट कंपनीतून आला तोच होता. बेल्ट तुटला नव्हता, आवाज करत नव्हता, काहीच नव्हतं. वय झालं म्हणून बदलायचा, एवढंच. म्हणजे उत्तम चालणारी गाडी मी आपल्या हाताने तिथे नेऊन दिली. आणि ती नेली म्हणून मला शहाणी म्हणणारेच लोक पुढे “कशाला हात लावायला गेलीस?” म्हणाले, तेही ऐकून घेतलं.

गॅरेजवाल्याने वरचं झाकण काढलं, साइडची पुली उतरवली, खालचं झाकण काढलं. कॅमच्या पुलीतलं भोक हेडच्या भोकासमोर आणलं आणि त्यात पिन म्हणून ड्रिलचा बिट घातला. मग खाली टॉर्च मारली. क्रँकच्या पुलीवरची खूण सरळ वर नव्हती, एक दात डावीकडे होती.

“बघा ताई,” तो म्हणाला, आवाजात चोर पकडल्याचा आनंद. “आधीच्या मिस्त्रीने एक दात चुकवलाय.”

“आधीचा मिस्त्री नाहीच. बेल्ट कंपनीचा आहे, पहिल्यांदाच उघडतोय आपण.”

“कंपनीतही माणसंच असतात, ताई.”

पोरं हसली. मीही हसले, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. हसता हसता मी वाकून फोटो काढला. संशय वगैरे काही नव्हता; औषधांच्या खोक्यांवरचे बॅच नंबर टिपायची सवय, म्हणून प्रत्येक गोष्टीचा फोटो काढते इतकंच. फोटोत वर बिट दिसतो, खाली एक दात डावीकडे कललेली खूण. पुढच्या दहा मिनिटांत त्याने ती “सरळ करून दिली.” नव्या बेल्टवर व्हाइटनरचे ठिपके दिले, टेन्शनर आवळला, आणि जुनाच बोल्ट एअर गनने कर्रकन बसवला. क्रँकचं टोक आणि पुली ज्या फडक्याने पुसली, त्याच फडक्याने सकाळपासून ऑइल पुसणं चाललं होतं. लगेच चावी. हाताने इंजिन फिरवून बघणं नाही, खुणा पुन्हा तपासणं नाही. गाडी चालू झाली. ११,८०० रुपये, वहीचं पान फाडून लिहिलेलं बिल.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तीन-तीनदा सेल मारावा लागायचा. पिकअप गेलेला. थंड इंजिनात बारीक टिकटिक. पाचव्या दिवशी इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी ००१६. मला तेव्हा अर्थ माहीत नव्हता, त्याला माहीत असायला हवा होता. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, असं सांगणारा हा कोड आहे. चार दिवसांपूर्वी टायमिंगला हात लावलेल्या गाडीत तो आला तर शेंबडं पोरही सांगेल कुठे बघायचं ते. हा म्हणाला, “सेन्सरचं नखरं असतं ताई, पावसाळी हवा आहे,” आणि कोड पुसून टाकला. तीनशे रुपये वेगळे.

तुमच्याकडे बेल्ट बदलल्यावर महिन्याभरात हा कोड आला, किंवा सकाळचा स्टार्ट जड झाला, तर गाडी चालवू नका. गॅरेजलाही चालवत नेऊ नका, ओढून न्या. एवढं मला कुणी सांगितलं असतं तर पुढचं लिहायची वेळ आली नसती.

तिसऱ्या आठवड्यात शिरवळहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढत होते. दुसरा गिअर, मागे उसाचा ट्रॅक्टर. एक टक्क आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी मेलं. धक्का नाही, धूर नाही. सेल मारला तर स्टार्टर हलकाच फिरला, जसं आत दाबायला काही उरलंच नाही. घाटाच्या वळणावर मी दीड तास दगड लावून उभी होते. ट्रॅक्टरवाल्याने जाता जाता दोन शब्द सुनावले ते वेगळेच.

टोईंगची गाडी साहजिकच त्याच गॅरेजला आणली. आता त्याचं वागणं सांगते. पहिलं वाक्य, “साहेब नाही आले?” साहेब म्हणजे माझा नवरा. तो बँकेत आहे आणि त्याला बॉनेट उघडायची कळ कुठे असते तेही ठाऊक नाही. गाडी माझ्या नावावर, पैसे मी दिले, घाटात मी उभी राहिले. तरी “साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” मग कारणं. सकाळी डिझेलमध्ये भेसळ होती. दुपारी बेल्टचं किट लोकल निघालं. ते त्यानेच आणलं होतं, हे मी आठवण करून दिल्यावर किट चांगलं झालं. संध्याकाळी, “घाटात रेस जास्त दिली की बेल्ट दात सोडतो.” शेवटी हेड उतरवायचे चाळीस हजार, “आपले संबंध म्हणून मजुरीत बघू.” संबंध!

त्या रात्री मामेभावाने कराडचे एक अण्णा सुचवले. गाडी पुन्हा टोईंगला चढली, आणखी साडेपाच हजार.

अण्णांनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, “बेल्ट कुणी टाकला? पिना होत्या का त्याच्याकडे?” मी ड्रिलच्या बिटचं सांगितलं. “ती वरची झाली. खालची?” खालची पिन असते हेच मला माहीत नव्हतं. मी मोबाइल काढून फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे तर बरोबर आहे की. हे सरळ कुणी केलं?”

त्या क्षणी मला आधी पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मग, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तीन आठवडे मी स्वतःलाच विचारत होते की क्लच चुकीचा दाबला का, डिझेल कुठल्या पंपावर भरलं. माझं काही चुकलं नव्हतं. कंपनीतल्या माणसांचंही नाही.

या इंजिनात ती खूण वाकडीच असते. पिस्टन वर आला की क्रँकच्या टोकावरची खाच पुढच्या झाकणाच्या दोन कण्यांच्या बरोबर मधोमध येते, आणि पुलीची खूण उभ्या रेषेच्या एक दात डावीकडे राहते. डोळ्याला चुकीचं दिसतं, म्हणूनच नजरेवर जायचं नसतं. कॅमला आठ मिलिमीटरची पिन, आणि ब्लॉकमधला आंधळा बोल्ट काढून तिथे आटे असलेली दुसरी पिन. क्रँक घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवत आणायचा, त्या पिनेला अलगद टेकला की थांबायचं. तो टेकतो, अडकत नाही. म्हणून त्या पिनेच्या जोरावर बोल्ट आवळू नये, पिन वाकते. जाता जाता, रेनॉमध्ये एक नंबरचा सिलिंडर गिअरबॉक्सकडून मोजतात, बेल्टकडून नाही. अण्णा म्हणाले, यावरूनही त्यांनी मिस्त्र्यांची भांडणं पाहिली आहेत.

आणि दुसरी गोष्ट, जी त्या गॅरेजवाल्याने आजतागायत कबूल केलेली नाही. या क्रँकच्या पुलीला चावी नसते. बहुतेक इंजिनांत पुली आणि क्रँक यांच्यात लोखंडी चावी असते, त्यामुळे पुली एकाच जागी बसते. इथे खाच दिसते म्हणून लोक फसतात, पण पुली धरून ठेवतो तो फक्त बोल्टचा दाब. बोल्ट सुटला की पुली क्रँकवर मोकळी. म्हणून क्रँकचं टोक, पुलीचं भोक आणि तिच्या दोन्ही तोंडाच्या कडा ब्रेक क्लीनरने कोरड्याठक्क करायच्या, बोल्ट नवा टाकायचा, आणि आधी ठरलेला टॉर्क, मग ठरलेले अंश असा दोन टप्प्यांत आवळायचा. एअर गनला अंश कळत नाहीत. आकडा बोल्टच्या जाडीप्रमाणे बदलतो, म्हणून तो मॅन्युअलमधूनच घ्या. माझ्याकडून नको आणि मिस्त्र्याच्या आठवणीतून तर नकोच.

अण्णांनी झाकण उघडलं. बेल्ट टाइट होता, दात शाबूत होते, म्हणजे “बेल्टने दात सोडला” हे खोटं. कॅमला पिन घातली तर खालची खूण अगदी सरळ वर, शाळेतल्या शिस्तीत उभी. मग खालची पिन लावून क्रँक टेकवला. कॅमचं भोक भलतीकडेच. पुली उतरवली तर तिच्या तोंडावर गोल फिरल्याचे चकचकीत ओरखडे आणि ऑइलचा पातळ थर. आधी टायमिंग चुकीचं बसलं, मग पुली सरकली. त्यातलं चुकीचं किती आणि सरकलेलं किती, हे अण्णांनाही सांगता आलं नाही. गॅरेजवाल्याने पुढे याच फटीत बोट घातलं: “पुली सरकली त्याला मी काय करू?” पुली कुणी आवळली होती, यावर मात्र गप्प.

एका दाताने एवढं काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पुलीला वीसेक दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे जवळपास १८ अंश. कॅम तेवढा मागे पडला की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आणि डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंत एखाद्या मिलिमीटरचीच जागा उरते. माझी टिकटिक म्हणजे पिस्टन त्या व्हॉल्व्हला टेकत असणार, असं अण्णांचं म्हणणं. घाटात पुली सरकल्यावर आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले. हेड लेथला गेलं, गाइड बदलले, गॅस्केट, नवं किट, वॉटर पंप (तोही याच बेल्टवर फिरतो, तेव्हा बेल्टबरोबरच बदला), बोल्ट, मजुरी. एकूण ५२,४००. टोईंग वेगळं.

अण्णांनी गाडी जोडली तेव्हाही मी खुर्ची टाकून बसले. त्यांनी पिना काढून क्रँक पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, घड्याळाच्याच दिशेने, उलटा कधीच नाही. मग पुन्हा दोन्ही पिना घालून पाहिल्या. टेन्शनरचा काटा खाचेसमोर आणला. हे झाल्यावरच चावी. दोन फेऱ्यांना तीन मिनिटं लागली. तीन मिनिटं!

हेच इंजिन टेरानो, सनी, डिझेल मायक्रा, फ्लुएन्स, लोगन आणि व्हेरिटोमध्येही आहे, तेव्हा तुमची गाडी दुसऱ्या नावाची असली तरी मिस्त्र्याला आधी विचारा, “पिना दाखवा.” नसतील तर ऑनलाइन मिळतात, स्वतः घेऊन जा. पाहुण्यांकडे स्वतःचं ताट नेल्यासारखं वाटेल, वाटू द्या. जुनी गाडी घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर बदललाच नाही असं धरा. किलोमीटर कमी असले तरी वर्षं मोजा, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. आणि चांगला मिस्त्री शोधा, वगैरे. हे सगळेच सांगतात. तो कसा ओळखायचा ते कुणी सांगत नाही. मी आता एवढंच बघते की प्रश्न विचारल्यावर तो मला उत्तर देतो की माझ्या मागे कोण पुरुष उभा आहे ते बघतो.

पक्कं बिल घ्या. वहीच्या पानावर ना गॅरेजचं नाव होतं, ना बोल्टचा उल्लेख, ना तारीख. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि छोट्या रकमेला फीही लागत नाही, पण वकील मैत्रिणीने ते पान उलटंपालटं करून पाहिलं आणि चहा मागवला. नशिबाने पैसे यूपीआयने दिले होते, तेवढा पुरावा. फोटो काढायचा तर उघडल्यावर एक आणि झाकण लावायच्या आधी एक, असे दोन काढा. माझ्याकडे पहिलाच होता. दुसरा असता तर आज गोष्ट निराळी असती.

नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही, पण आठ दिवसांनी त्याने फोन करून पाच हजार परत द्यायची तयारी दाखवली. फोन नवऱ्याला केला होता. नवऱ्याने तो न बोलता माझ्या हातात दिला, तेव्हा पलीकडून कट झाला.

परवा अण्णांकडे ऑइल बदलायला गेले होते. ते म्हणाले, साताऱ्याच्या त्या गॅरेजमधून एका पोराचा फोन आला होता, डस्टरच्या पिनांचं माप विचारत होता. सांगितलं म्हणे त्यांनी, अगदी सविस्तर. मी सांगितलं नसतं.